भाकर जळली का गं

आये, सकाळपासून मी धाराशिवच्या बसस्टँडसमोरच्या एका लॉजवर बसले आहे आणि फोन वाजला की तो पालथा घालते आहे. फोन पुण्याहून येतो. माझ्या सिनेमाचे तुकडे कापून एकाला एक जोडणारा जो संकलक आहे, त्याचा. त्याला माझ्याकडून एकच उत्तर हवं आहे. सिनेमातला एक प्रसंग ठेवायचा की काढायचा? त्यानं संध्याकाळच्या आत सिनेमा इकडं पाठवला तर उद्या तो इथल्या नाट्यगृहात दाखवता येईल. उद्याच्या पाहुण्यांमध्ये एक मोठे पोलीस अधिकारी आहेत, पहिल्या रांगेत बसणारे. आणि तो प्रसंग तुझा आहे. जीप आली की तू पालाच्या तोंडाशी बसून रडायचीस, तो.

समोरच्या खाटेवर मावशी झोपली आहे. तुझी धाकटी बहीण, आता आपल्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई. सकाळी कळंबहून पहिल्या एस.टी.नं आली, माझे पोहे खाल्ले, मग स्वतःसाठी वेगळे मागवले, आणि हात धुऊन म्हणाली, "ते काढ. काढल्याबिगर म्या हितून हलणार न्हाय." एवढं बोलून तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. आता घोरते आहे, पण तिचं घोरणं मला खरं वाटत नाही. फोन वाजला की ते थांबतं.

मी तुला मराठीत लिहिते आहे याचं तुला हसू येईल. आपण आपसात आपल्या बोलीत बोलायचो, मराठी फक्त बाजारात आणि जीप आल्यावर. पण आपली बोली कागदावर कशी उतरवायची हे मला कुणी शिकवलं नाही, आणि तुला दोन्ही वाचता येत नव्हत्या, तेव्हा हिच्यात लिहिलं काय नि तिच्यात लिहिलं काय, सारखंच. मावशीचं, तुझं बोलणंही मी जमेल तसं मराठीतच उतरवते आहे.

मी सात-आठ वर्षांची असेन. आपली पालं कळंबच्या अलीकडं ओढ्याच्या काठाला होती आणि शेतातली तूर माझ्या डोक्याच्या वर गेली होती. तू तीन दगडांच्या चुलीपुढं बसली आहेस. परातीत ज्वारीचं पीठ मळून तयार आहे, तव्यावर एक भाकर आहे, आणि मी तुझ्या पाठीला पाठ लावून बसले आहे. बाप थोडा पलीकडं घोड्याच्या केसांचे फासे नीट करतोय, तितरं धरायचे. सगळं कसं शांत आहे. मग एकाएकी तुझी पाठ ताठ होते. मला काहीच ऐकू आलेलं नाही, पण तुला रस्त्यावरची जीप ऐकू आली आहे. तू हात पिठातच ठेवतेस, मान जराशी वर करतेस आणि गाल आत ओढून तितरासारखी हाळी देतेस. खऱ्या तितरानं उत्तर द्यावं इतकी खरी. मी वळून बघते तर बाप जागेवर नाही. फासे तेवढे पडले आहेत.

हे का, ते मला कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. कळंबात दुकान फुटो नाहीतर तिकडं भूमला कुणाची शेळी हरवो, जीप आधी पारध्याच्या पालावर यायची. चोर सापडेपर्यंत कुणीतरी आत टाकायला हवा असायचा, आणि आपले पुरुष हाताशी असायचे. आत गेलेला माणूस परत यायचा तेव्हा धड चालत यायचा नाही. म्हणून हाळी झाली की पुरुषांनी बाभळीतून ओढ्यात उतरायचं आणि काठाखालच्या कपारीत बसून राहायचं. बायकांनी जीप अडवून धरायची. अडवायला बायकांकडं काय होतं? रडणं.

तू पदर कमरेला खोचलास. पिठाचे हात तसेच तोंडावरून फिरवलेस, केस सोडलेस आणि पालाच्या तोंडाशी बसकण मारून असा टाहो फोडलास की माझ्या अंगावर काटा आला. तुझ्यामागं मावशी, तिच्यामागं बाकीच्या. जीप थांबली. "माझा धनी कवाच गेला सायेब, मलाच न्या, पोरीला बी न्या," असं म्हणत तू चाकापुढं लोळण घेतलीस. एक पोरगेला शिपाई दुसरीकडं बघायला लागला. त्याच्या वरचा हवालदार मात्र मुरलेला होता. "ए, नाटक बंद कर," म्हणाला आणि काठीनं पाल वर उचलून आत डोकावला. मग तो ओढ्याच्या दिशेनं चालू लागला. तू गुडघ्यांवर सरपटत जाऊन त्याचा बूट धरलास. त्यानं पाय झटकला, तू सोडला नाहीस. काठी बसली तरी सोडला नाहीस. तो वैतागला, थुंकला आणि मागं फिरला. जीप धूळ उडवत गेली.

आणि मग, आये, धूळ खाली बसायच्या आत तू उठलीस, मनगटानं डोळे पुसलेस, चुलीपुढं येऊन बसलीस आणि अगदी रोजच्या आवाजात मला विचारलंस, "भाकर जळली का गं?"

जळली होती. एका अंगानं काळी झाली होती. तू ती उलटवलीस, आणि परातीत हात घालून पीठ मळायला लागलीस, मघाशी मळून झालेलं तेच पीठ, बराच वेळ. मी फसकन हसले. मला आठवतं, मला एवढं हलकं वाटलं होतं. आईला काही झालेलं नाही, आई खोटं रडत होती, आई जीपवाल्यांना बनवत होती. हवालदार शिव्या घालत नव्हता, खरंच बोलत होता. ते नाटक होतं, आणि माझी आई त्यात सगळ्यांपेक्षा हुशार होती. पुढं मी जी काही झाले, त्याची पायरी हीच.

आश्रमशाळेत पहिल्या गॅदरिंगला मला राजाच्या दाईचं काम मिळालं. राजा मरतो तेव्हा दाईनं एकदा रडायचं आणि पडदा पडायचा. मी पदर खोचला आणि तुझा टाहो फोडला. पडदा ओढणारा शिपाई दोरी सोडून बघत राहिला, बाई विंगेत डोळ्यांना रुमाल लावून उभ्या. नंतर त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं, "कुठं शिकलीस गं हे?" मी म्हटलं, "घरी." त्यांना ते फार गोड वाटलं. मग याच धाराशिवात कॉलेज, नाट्यस्पर्धा, त्यातून पुणं, पुण्यातून मालिका आणि सिनेमे. तुला वाटायचं, पोरगी मोठ्या लोकांत बसते. मोठे लोक मला काय कामं देत होते ते मी तुला सांगितलं नाही. पाकीटमार बाई, भिकारीण, स्टँडवर गाठोडं घेऊन बसलेली बाई, पोलीस जिच्या कानाखाली वाजवतो ती बाई. मेकअपवाला माझ्या तोंडाला आणखी काळं लावायचा. मी आधीच तव्याच्या बुडासारखी, तरी त्याचं समाधान होत नसे. एकदा मी वकिलिणीचं काम मागितलं तर दिग्दर्शक इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं, आणि त्या दिवशी ठरवलं की एक दिवस कॅमेऱ्याच्या मागं मी उभी राहीन आणि कुणी कुठं हसायचं ते मी ठरवीन.

पण माझं नाव झालं ते रडण्यावरच. एका मालिकेत मजुराच्या विधवेचं काम होतं आणि मी तुझं रडणं उचलून जसंच्या तसं तिथं ठेवलं, केस सोडण्यापासून बूट धरण्यापर्यंत. लोक मला रस्त्यात ओळखायला लागले. मी तुझ्यासाठी साडी घेऊन कळंबला आले तेव्हा आठवडी बाजाराचा दिवस होता. तू एका हॉटेलाच्या बाहेरच्या बाकड्यावर बसली होतीस. त्याच हॉटेलातल्या टीव्हीवर तू मला रडताना बघितलं होतंस, आत नव्हे, दारातूनच, कारण आत बसू देतील याची तुला खात्री नव्हती. मला वाटलं होतं तू पाठीवरून हात फिरवशील. तू म्हणालीस, "रडणं इकायला काढलंस व्हय? ते तुजं हाय का? पालाचं हाय ते. गरज पडल तवाच काढायचं आसतं. तू बाजारात मांडलंस, भाजीवानी."

माझं डोकं फिरलं. एवढ्या लांबून आले होते, लोक बघत होते. मी म्हटलं, "मग तू काय करत होतीस गं? तेही नाटकच होतं ना?"

तू माझ्याकडं बघितलंस. बाजाराचा सगळा गलका तेवढ्यात मला ऐकू आला. मग तू म्हणालीस, "व्हय. नाटकच," आणि उठून पिशवी काखेत मारलीस. साडी मात्र घेतलीस. पुढच्या उन्हाळ्यात ताप डोक्यात गेला आणि तू गेलीस. मी तेव्हा शूटिंगवर होते, एका मेलेल्या बाईचं काम करत होते, हालायचं नव्हतं.

आता सिनेमाचं. एवढ्या वर्षांनी मी कॅमेऱ्याच्या मागं गेले आणि पुढंही राहिले. सिनेमा मी लिहिला, दिग्दर्शनही माझं, आणि त्यात तुझं काम मी करते. वस्तीवरच शूटिंग केलं. आता तिथं पालं नाहीत, विटांची घरं आहेत, काहींवर अजून छपरं चढायची आहेत. तूर मात्र तशीच, ओढा तसाच. वस्तीतल्या सगळ्या बायकांनी हौसेनं काम केलं. मावशी तर कॅमेरावाल्याला रोज दम भरायची, "माजं त्वांड मोठं दिसलं पायजे." आपण काहीतरी उघड करतोय असं कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही. सिनेमा बघणारे लोक तिकडं लांब असतात, पुण्या-मुंबईला, आणि जीप इकडं असते, एवढाच आमचा हिशेब.

जीप येण्याचा प्रसंग चित्रित करायचा होता. पुरुषांना मी समजावून सांगितलं होतं की आज फक्त बायकांचं काम, तुम्ही बाजूला बसा. कॅमेरा सुरू झाला, मी चुलीपुढं बसले, मान वर केली आणि गाल आत ओढून तितराची हाळी दिली. मला ती इतकी चांगली कधी जमली नव्हती. आणि आये, बाजूला बिड्या ओढत बसलेले सगळे पुरुष उठले आणि पळाले. खरेखुरे पळाले. चहाचे कप टाकून, चपला टाकून, बाभळीतून सरळ ओढ्यात. काठी टेकत चालणारे थोरले चुलते काठी टाकून पळाले. माझा कॅमेरावाला शहाणा, त्यानं कॅमेरा बंद केला नाही, त्यांच्यामागं धावत गेला. त्यात सगळं आलं आहे. त्यांचे चेहरे, ओढ्यात उतरायची वाट, काठाखालची कपार आणि तिच्यात एकमेकांना चिकटून बसलेली माणसं. मग कुणीतरी म्हणालं, "आरं, पोरगीनं घातली व्हती हाळी," आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. थोरल्या चुलत्यांना तेवढं पटेना. त्यांना अंधार पडायच्या आत हाताला धरून वर आणावं लागलं. तेव्हा मीही हसले होते. पुण्यात ते पडद्यावर बघितलं तेव्हा खोलीतलं कुणी हसलं नाही. त्या प्रसंगामुळं एका मोठ्या महोत्सवानं सिनेमा निवडला आहे. हाळी, पळणं आणि त्यामागून माझं रडणं. सिनेमा त्याच्यावरच उभा आहे असं बघणारे म्हणतात, आणि मला विचारशील तर मीही तेच म्हणते.

उद्याचा कार्यक्रम इथली एक संस्था भरवते आहे, त्या अधिकाऱ्यांना तिच्या लोकांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. काल त्यांचा मला फोन आला होता, आवाजात खोटेपणा नव्हता. म्हणाले, "ताई, तुमच्या लोकांवर अन्याय झालाय, तो आमच्या पोरांनी डोळ्यांनी बघितला पाहिजे. मी नव्या भरतीची मुलं घेऊन येतो." मी मनापासून आभार मानले आणि कौतुकानं ते वस्तीवर फोन करून सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, मावशी एस.टी.त बसली.

सकाळी ती आडवी होण्याआधी आमचं काय झालं ते सांगते. मी म्हटलं, "मावशे, साहेब चांगला आहे."

"आसंल की. सायबाची बदली हुती. वाट ऱ्हाती तितंच."

मी म्हटलं, आता दिवस ते राहिले नाहीत, तुमच्याकडं घरं आहेत, कागद आहेत, आधार कार्डं आहेत.

"जीप कागद इचारत न्हाय. वस्ती कुटली, ते इचारती." मग तिनं मला जे सांगितलं ते वस्तीवरच्या कुणी मला फोनवर सांगितलं नव्हतं. दिवाळी झाल्यावर पलीकडच्या गावात कुणाच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. जीप आली. मावशीचा नातू आयटीआयला जातो, त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होता. हाळी झाली आणि तो पळाला. त्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कपारीत बसून राहिला, म्हणून सुटला. मोटर दुसऱ्याच कुणाकडं सापडली. "तुज्या शिनिमात ती कपार हाय. बाभळीपसली वाट हाय. उद्या ती नवी पोरं बघत्याल. मग आमी कुटं पळायचं, तेवडं सांग."

मी चिडले. उत्तर नसलं की मी चिडते, हे तुझ्याकडूनच आलंय. मी म्हटलं, तो प्रसंग काढला तर सिनेमात राम उरत नाही. मला एवढ्या वर्षांनी कुणी दिग्दर्शिका म्हटलंय. महोत्सववाले निवड रद्द करतील. पुन्हा पाकीटमार बायकांचीच कामं करायची का मी? मावशी म्हणाली, "ते तुजं तू बघ," आणि भिंतीकडं वळली.

तेव्हापासून मी अशी बसले आहे. इथवर लिहून झालं आणि चौथ्यांदा की पाचव्यांदा फोन वाजला, तेव्हा मी उचलला. संकलक म्हणाला, वाट आणि कपार काढू या, पळणाऱ्यांचे चेहरे काढू या, पण तुमचं रडणं ठेवू या, त्यात कुणाला काय धोका? त्याचं बरोबर होतं. माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून मी मावशीला हलवलं आणि सांगितलं. मला वाटलं खूश होईल. ती उठून बसली, चहा मागितला, बशीत ओतून सगळा प्यायली आणि म्हणाली, "तुजं ते रडणं चांगलं न्हाय पण."

मालिकेवाल्यांनी डोक्यावर घेतलेलं रडणं, बाई म्हणते चांगलं नाही. मी विचारलं, काय चुकलंय त्यात?

"मदीच डोळे तिरके करती. जीपवाल्याला कशी बनवली, आसं. तुजी आई आसं करत नव्हती."

"अगं पण ती बनवतच होती ना. खोटंच रडत होती."

मावशीनं बशी खाली ठेवली. "खोटं? कुनी सांगितलं तुला?"

मी तिला जळक्या भाकरीचं सांगितलं. तू डोळे पुसून कशी क्षणात उठायचीस ते सांगितलं. ती ऐकत राहिली. मग असं बोलली की बाहेरच्या एस.टी.चे हॉर्नही मला ऐकू यायचे बंद झाले. "तू पोटात बी नव्हतीस तवा जीप गेल्यावर तिला दातखीळ बसायची. आमी दोगीतिगी मिळून दात उघडायचो. पाक लाकूड व्हायची. येकदा वाटलं गेलीच. मग तू झालीस, तुला समजाय लागलं. येकदा तिला तसं बघून तू दोन दिस बोलली न्हाईस. तवापसनं तिनं ते भाकरीचं काडलं. जीप गेली की उटायचं, पोरीला भाकरीचं इचारायचं. म्हंजे पोरगी भ्यायची न्हाय. आन् हात पिटात घालून बसायची. थरथर दिसू नये म्हनून. रडणं खरं व्हतं, येडे. नाटक त्याच्या म्होरं व्हतं."

आये, मी ते पीठ बघितलं होतं. मळून झालेलं पीठ तू पुन्हा मळत होतीस, मी मघाशी वर लिहिलंसुद्धा, आणि इतकी वर्षं मला त्यात काही दिसलं नाही. मी हसले होते, आणि मला हसताना बघून तुला किती बरं वाटलं असेल. म्हणजे तुझं नाटक जमलं होतं. बाजारात मी तुला तेच तोंडावर फेकून मारलं, आणि तू "व्हय, नाटकच" म्हणालीस. त्या दिवशीही तू मला भाकरीचंच विचारत होतीस, आणि मी पुन्हा फसले.

मी रडले. डोळे तिरके न करता. मावशी म्हणाली, "आता बराबर," आणि मला एवढा राग आला की रडणं थांबलं.

मग मी पुण्याला फोन लावला. म्हटलं, हाळी काढ, पळणं काढ, ओढा काढ आणि माझं रडणंही काढ. तो म्हणाला, "मग राहिलं काय?" मी म्हटलं, चूल. जीपचा नुसता आवाज येऊ दे, जाऊ दे, आणि मग चूल. तिथं मी तोंडावरचं पीठ पुसत येऊन बसते आणि पोरीला विचारते, तेवढं. तो म्हणाला, महोत्सववाल्यांना काय सांगायचं? मी म्हटलं, मी सांगते. काय सांगणार आहे हे मला अजून माहीत नाही. मला उदात्त वगैरे काही वाटत नाही, आये. आपल्या हातानं आपलंच पोर विहिरीत ढकलावं तसं वाटतंय. पण तो नातू कपारीत बसलेला माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

फोन ठेवता ठेवता मला आणखी एक आठवलं. चुलीपुढच्या त्या प्रसंगात पिठातले हात जवळून दिसतात. ते चित्रित केलं तेव्हा हात थरथरत होते, आणि मी सारखी ओरडत होते, हात स्थिर हवेत, परत घ्या, परत घ्या. शेवटी एकदा स्थिर आले, ते आम्ही सिनेमात ठेवले. मी संकलकाला म्हटलं, तो टेक काढ. आधीचा, टाकून दिलेला आहे ना, हात थरथरतात तो, तो लाव. त्यानं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, हो.

मावशी पिशवी आवरते आहे. तिला कळंबची एस.टी. गाठायची आहे. उद्या येणार का म्हटलं तर म्हणते, नातवाला घेऊन येईन, मागं बसू. दारातून वळून तिनं विचारलं, "म्या दिसते का पण, त्यात उरलेल्यात?" मी म्हटलं, तोंड दिसत नाही मावशे, हात दिसतात. ती म्हणाली, "हातच?" आणि नाक मुरडून गेली.

ते हात तिचे आहेत, आये. उद्या पहिल्या रांगेतले लोक त्यांना तुझे समजतील, पण ते माझे नाहीत, मावशीचे आहेत. एवढी वर्षं मी तुझं रडणं केलं, तुझी हाळी केली, तुझ्यासारखं बसले-उठले, पण मला भाकरी थापता येत नाही. तव्यावर टाकायच्या आत मोडते.